रेडियमचा पांढरा क्षार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी 'रेडियम' अशी पाटी लावलेलं एखादं दुकान असतं. तिथे गाड्यांच्या नंबरप्लेट तयार होतात, रिक्षाच्या मागे देवाचं नाव चिकटवून मिळतं. दुसरं रेडियम शाळेच्या पुस्तकात भेटतं : मादाम क्युरी, गळकी शेड आणि अंधारात उजळणाऱ्या काचेच्या नळ्या. तिसरं रेडियम भीतीचं. 'किरणोत्सारी' हा शब्द कानावर पडला की मन थेट अणुबॉम्बकडे धावतं. या तिन्ही चित्रांत खरा पदार्थ जवळजवळ दिसतच नाही.

प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात माणसाने हाताळलेलं रेडियम बहुतेक वेळा क्षाराच्या रूपात होतं. त्या क्षारांमधला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे रेडियम क्लोराइड. रेडियमचा अणुभार पहिल्यांदा मोजला गेला तो या क्षारावरून. शुद्ध धातू मिळाला तो या क्षाराच्या द्रावणातून. आणि आज कर्करोगाच्या रुग्णाला शिरेतून दिलं जातं तेही रेडियम क्लोराइडच. त्याची रचना साधी आहे. दोन धन प्रभार असलेला रेडियमचा एक आयन आणि एकेक ऋण प्रभार असलेले क्लोरीनचे दोन आयन. कॅल्शियम क्लोराइड आणि बेरियम क्लोराइड याच घरातली भावंडं.

या क्षाराबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच चुकीतून जन्मतात. पदार्थाचं रसायन ठरतं अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर आणि किरणोत्सार येतो अणूच्या केंद्रकातून. या दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या की गोंधळ होतो. त्या वेगळ्या ठेवल्या, तर रेडियमचा धोकाही समजतो आणि उपयोगही.

गैरसमज : क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम धातू शोधून हातात घेतला.

वस्तुस्थिती : १८९८ च्या डिसेंबरमध्ये मारी क्युरी, पिएर क्युरी आणि त्यांचे सहकारी गुस्ताव्ह बेमाँ यांनी नव्या मूलद्रव्याची घोषणा केली, तेव्हा त्यांच्याजवळ होतं ते बेरियमच्या क्षारात मिसळलेलं किंचितसं रेडियम. पुरावे दोन होते. एक, त्या मिश्रणाचा किरणोत्सार युरेनियमच्या कितीतरी पट होता. दोन, वर्णपटतज्ज्ञ यूजेन देमार्से यांना त्याच्या वर्णपटात कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी रेषा दिसली होती. रसायनशास्त्रज्ञांना तेवढ्याने समाधान नव्हतं. मूलद्रव्य मान्य व्हायचं तर ते वजन करता येईल इतकं शुद्ध मिळायला हवं आणि त्याचा अणुभार सांगता यायला हवा.

हे काम पूर्ण झालं १९०२ मध्ये. मारी क्युरी यांनी सुमारे एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड मिळवलं आणि त्यावरून रेडियमचा अणुभार २२५ च्या आसपास असल्याचं दाखवलं. आज तो २२६ मानला जातो. इतक्या तुटपुंज्या नमुन्यावरचं हे मोजमाप होतं, हे लक्षात घेतलं की त्यांच्या हाताची अचूकता कळते.

शुद्ध धातू मिळायला १९१० उजाडलं. मारी क्युरी आणि आंद्रे देबिएर्न यांनी रेडियम क्लोराइडच्या द्रावणाचं विद्युत अपघटन केलं. त्यात ऋणाग्र म्हणून पारा वापरला. सुटलेलं रेडियम पाऱ्यात मिसळलं आणि नंतर हायड्रोजनच्या वातावरणात तापवून पारा उडवून लावल्यावर चंदेरी पांढरा धातू मागे राहिला. हवा लागताच तो काळवंडत होता. म्हणूनच रेडियम साठवायचं, मोजायचं किंवा वापरायचं झालं की पसंती क्षारालाच मिळाली.

गैरसमज : किरणोत्सारी संयुग बनवायचं तर अणुभट्टी किंवा अतिप्रगत यंत्रं लागतात.

वस्तुस्थिती : रेडियम-२२६ निसर्गातच असतं. युरेनियमच्या क्षयातून ते सतत तयार होतं आणि पुढे स्वतःही क्षय पावतं. त्यामुळे न विस्कटलेल्या जुन्या खनिजात दोघांचं प्रमाण ठरलेलं राहतं : एक टन युरेनियममागे साधारण एक तृतीयांश ग्रॅम रेडियम. ते बाहेर काढायला क्युरींनी वापरलेली साधनं म्हणजे मोठी भांडी, आम्लं, सोडा, गाळणं आणि लोखंडी दांडा. अवघड होतं ते पदार्थाचं प्रमाण आणि त्यासाठी लागणारी चिकाटी.

कच्चा माल आला बोहेमियातल्या योआखिमस्टाल इथून. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला याखिमोव्ह म्हणतात. तिथल्या पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजातून काच आणि चिनी मातीच्या रंगांसाठी युरेनियम काढून घेत आणि उरलेला गाळ टाकून देत. रेडियम त्या टाकाऊ गाळातच राहत होतं. पॅरिसमधल्या महापालिकेच्या भौतिकी-रसायन विद्यालयाच्या आवारातली एक पडकी शेड क्युरींना मिळाली आणि गाळाची पोती तिथे येऊन पडली.

प्रक्रिया टप्प्याटप्प्याने अशी चाले. गाळात रेडियम होतं सल्फेटच्या रूपात, आणि रेडियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून गाळ सोडियम कार्बोनेटच्या तीव्र द्रावणात उकळायचा. सल्फेटचं कार्बोनेट होतं. ते धुऊन हायड्रोक्लोरिक आम्लात घातलं की विरघळणारं क्लोराइड मिळतं. मग पुन्हा सल्फ्युरिक आम्लाने सल्फेटचा साका पाडायचा, म्हणजे बाकीचे अनेक धातू द्रावणात मागे राहतात. हे चक्र फिरवत एक टन गाळातून साधारण आठ किलो बेरियम आणि रेडियम यांचं मिश्र क्लोराइड हाती येई. त्याचा किरणोत्सार युरेनियम धातूच्या सुमारे साठ पट असे. त्या आठ किलोंत रेडियम नखाएवढंही नव्हतं. जवळजवळ सगळं बेरियमच होतं.

इथून पुढे खरी परीक्षा होती. बेरियम आणि रेडियम आवर्तसारणीत एकाच गटात, एकाखाली एक आहेत. दोघांच्या आयनांवर दोन धन प्रभार असतात आणि आकारही जवळचा असतो. एखादं रसायन घालून एकाचा साका पाडावा तर दुसरंही सोबत खाली बसतं. फरक सापडला तो विद्राव्यतेत. एक लिटर पाण्यात रेडियम क्लोराइड साधारण २४५ ग्रॅम विरघळतं. बेरियम क्लोराइड त्याहून बरंच जास्त. म्हणून मिश्र क्लोराइड उकळत्या पाण्यात संपृक्त होईपर्यंत विरघळवून थंड होऊ दिलं, की आधी पडणाऱ्या स्फटिकांत रेडियमचा वाटा वाढलेला असतो. क्युरी यांच्या मोजणीत हे स्फटिक द्रावणात उरलेल्या क्षाराच्या सुमारे पाच पट सक्रिय निघत. ते स्फटिक पुन्हा विरघळवायचे, पुन्हा थंड करायचे. मागे उरलेलं द्रावणही फेकायचं नाही. ते आधीच्या पायरीवरच्या स्फटिकांत मिसळायचं. अशा पायऱ्यांची एक साखळी तयार होते. एका टोकाला रेडियम जमत जातं आणि दुसऱ्या टोकाला बेरियम बाहेर पडतं. यालाच प्रभाजी स्फटिकीकरण म्हणतात.

नमुना लहान होत गेला की शुद्ध पाण्याऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेलं पाणी वापरत. आम्लातल्या जादा क्लोराइड आयनांमुळे रेडियम क्लोराइडची विद्राव्यता आणखी घटते. तीव्र आम्लात तर ते जवळजवळ विरघळतच नाही. पुढे जर्मनीत फ्रीडरिश गीझेल यांनी दाखवलं की क्लोराइडऐवजी ब्रोमाइड घेतलं तर बेरियम आणि रेडियम यांची फारकत अधिक वेगाने होते. उद्योगाने तीच वाट धरली.

पाण्यातून मिळणाऱ्या रेडियम क्लोराइडच्या स्फटिकांत प्रत्येक रेणुसूत्रामागे पाण्याचे दोन रेणू असतात. निर्जल क्षार हवा असेल तर तो आधी हवेत साधारण १०० अंश सेल्सिअसला आणि मग आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूत ५०० अंशांच्या वर तापवावा लागतो. हा सगळा खटाटोप रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल, कारण बेरियमच्या क्षारावरही तो असाच करता येतो. किरणोत्साराने यात एकच मोठी मदत केली. प्रत्येक टप्प्यावर रेडियम कुठे गेलं, हे किरणोत्सार मोजणारा विद्युतमापी सांगत होता.

गैरसमज : क्लोरीनशी संयोग झाला, पाण्यात विरघळवलं किंवा खूप तापवलं की किरणोत्सार मावळतो.

वस्तुस्थिती : तो तसूभरही कमी होत नाही. रासायनिक बंधात भाग घेतात ते अणूच्या बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन. रेडियम क्लोराइड बनताना रेडियम आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. केंद्रकाला त्याचं काही सोयरसुतक नसतं. क्षार घन असो, द्रावणात असो, क्लोराइड असो की सल्फेट, रेडियम-२२६ चं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षंच राहतं. फरक पडतो तो वजनाच्या हिशेबात. एक ग्रॅम रेडियम क्लोराइडमध्ये रेडियम असतं ०.७६ ग्रॅम, आणि किरणोत्सार तेवढ्याच रेडियमचा.

याच विचाराने मारी क्युरी रेडियमपर्यंत पोहोचल्या होत्या. युरेनियमची वेगवेगळी संयुगं तपासताना त्यांना दिसलं की किरणोत्सार केवळ त्यातल्या युरेनियमच्या प्रमाणावर अवलंबून आहे. ते कशाशी जोडलं गेलं आहे यावर नाही. म्हणजे हा गुण अणूचा आहे. मग पिचब्लेंड युरेनियमपेक्षा जास्त सक्रिय का? त्यांनी चाल्कोलाइट हे युरेनियमचं खनिज प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून बनवून पाहिलं. ते नैसर्गिक खनिजाइतकं सक्रिय नव्हतं. म्हणजे नैसर्गिक खनिजात आणखी काहीतरी दडलेलं होतं.

आजही 'अमुक चूर्ण टाकलं की किरणोत्सारी पाणी शुद्ध होतं' असे दावे कुणी करत असेल, तर ही कसोटी लावावी. रसायनाने रेडियम पाण्यातून बाजूला काढता येतं, साका पाडून गाळता येतं; पण ते नष्ट करता येत नाही. ते दुसरीकडे कुठेतरी उरतंच.

गैरसमज : रेडियम हिरवं चमकतं आणि अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूत रेडियम असतं.

वस्तुस्थिती : ताजं शुद्ध रेडियम क्लोराइड पांढरं असतं. त्याची घनता पाण्याच्या जवळपास पाच पट आणि वितळणबिंदू सुमारे ९०० अंश सेल्सिअस. ज्योतीत धरलं तर ते ज्योतीला गडद लाल रंग देतं. अंधारात ते स्वतः फिकट निळसर-हिरवट प्रकाश देतं खरं, पण तो मंद असतो. क्षार जुना होऊ लागला की पिवळा पडतो आणि बेरियम शिल्लक असेल तर गुलाबी छटाही येते. स्वतःच्याच किरणांनी स्फटिकाच्या रचनेत दोष निर्माण होत जातात, त्याचा हा परिणाम.

घड्याळाच्या काट्यांवर दिसणारा ठसठशीत हिरवा प्रकाश रेडियमचा नव्हता, झिंक सल्फाइडचा होता. रेडियमचा क्षार त्यात कणभर मिसळलेला असे. त्याचे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळत आणि त्यातून प्रकाश निघे. सततच्या माऱ्याने काही वर्षांत झिंक सल्फाइड निकामी होतं आणि चमक विझते. रेडियम मात्र तिथेच असतं. शंभर वर्षांनीही त्यातलं सुमारे ९६ टक्के शिल्लक राहतं. त्यामुळे 'आता चमकत नाही, म्हणजे धोका संपला' हा समज उलटा आणि घातक आहे. विझलेला रंग ठिसूळ होऊन त्याची पूड सुटते, आणि ती श्वासातून आत जाऊ शकते.

गाडीच्या नंबरप्लेटवरचं 'रेडियम' म्हणजे प्रकाश आला त्या दिशेने परत पाठवणारी पट्टी. तिच्यात बारीक काचमणी किंवा प्रिझम असतात. समोरून दिवा पडला तरच ती उजळते. मुलांच्या खोलीतल्या छतावर लावायच्या चांदण्या स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटसारख्या पदार्थाच्या असतात. त्या दिवसा प्रकाश साठवतात आणि अंधारात हळूहळू सोडतात. या दोन्हींत रेडियम नाही आणि दोन्ही वापरायला कसलीही भीती नाही.

गैरसमज : काचेच्या नळीत बंद केलेला क्षार जसाच्या तसा राहतो.

वस्तुस्थिती : रेडियमचा क्षार कुपीत स्वस्थ बसत नाही. रेडियम-२२६ चा प्रत्येक अणू अल्फा कण फेकून रेडॉन-२२२ होतो. रेडॉन वायू आहे, त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. तो पुढे पोलोनियम, शिसं आणि बिस्मथ यांच्या निरनिराळ्या रूपांतून जात शेवटी स्थिर शिसं-२०६ वर थांबतो. फेकलेला प्रत्येक अल्फा कण इलेक्ट्रॉन मिळवून हेलियमचा अणू होतो. विल्यम रॅमसे आणि फ्रेडरिक सॉडी यांनी १९०३ मध्ये लंडनला रेडियम ब्रोमाइडमधून निघणाऱ्या वायूत हेलियमचा वर्णपट पाहिला. एका मूलद्रव्यातून दुसरं निर्माण होतं, याचा तो थेट पुरावा होता.

क्षारात ओलावा राहिला असेल तर किरणांमुळे पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजनही साठतो. बंद नळीतला दाब वर्षांमागून वर्षं वाढत जातो आणि नळी फुटू शकते. म्हणूनच क्षार पूर्ण वाळवूनच सीलबंद करणं हा सौंदर्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. भेदक गॅमा किरणांचा मोठा भाग रेडियमचा स्वतःचा नसतो, तो त्याच्या वंशातल्या शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांचा असतो. त्यामुळे नुकताच शुद्ध केलेला क्षार बंद केला की त्याचा गॅमा किरणोत्सार आधी कमी असतो आणि रेडॉन साठत गेल्यावर सुमारे महिनाभरात पूर्ण पातळीवर येतो.

या सगळ्या घडामोडीत उष्णता निघत राहते. पिएर क्युरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी १९०३ मध्ये मोजलं, की एक ग्रॅम रेडियम दर तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता देतं. तेवढ्या उष्णतेने त्याच्याच वजनाचं पाणी बर्फाच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाऊ शकतं. कोणत्याही ज्ञात रासायनिक क्रियेने हे स्पष्ट होत नव्हतं. तेव्हा काहींना ही ऊर्जा शून्यातून येते असं वाटलं. प्रत्यक्षात ती केंद्रकात बांधलेली ऊर्जा आहे आणि ती तिच्या ठरलेल्या संथ गतीनेच बाहेर येते.

गैरसमज : अल्फा किरण कागदानेही अडतात, म्हणून रेडियमचा क्षार हाताळायला सुरक्षित.

वस्तुस्थिती : वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. अल्फा कण कागद किंवा त्वचेचा मृत थर ओलांडत नाहीत. पण रेडियमसोबत त्याच्या वंशजांचे गॅमा किरणही असतात आणि ते सहज आरपार जातात. आणि क्षार एकदा पोटात किंवा फुप्फुसात गेला की अल्फा कणांना अडवायला मध्ये काहीच उरत नाही. त्यांची सगळी ऊर्जा काही पेशींच्या अंतरात ओतली जाते आणि तिथल्या डीएनएचे दोन्ही धागे तुटतात.

इथे रसायन आणि केंद्रक एकत्र येतात. रेडियम आयनाचं वागणं कॅल्शियमसारखं असल्यामुळे शरीर त्याला परकं समजत नाही. गिळलेल्या रेडियमपैकी बराचसा भाग विष्ठेवाटे जातो, पण सुमारे पाचवा भाग रक्तात शोषला जातो आणि त्यातला काही हाडांत जाऊन बसतो. तिथून तो आयुष्यभर अल्फा कण सोडत राहतो. रेडियमचा किरणोत्सार जितका घातक, तितकीच घातक त्याची कॅल्शियमशी असलेली ही जवळीक.

गैरसमज : त्या काळी रेडियमचा धोका कुणालाच ठाऊक नव्हता.

वस्तुस्थिती : १९०१ मध्येच आंरी बेकरेल यांना खिशात ठेवलेल्या रेडियमच्या नळीने भाजलं होतं आणि पिएर क्युरी यांनी मुद्दाम दंडावर रेडियम ठेवून झालेली जखम नोंदवली होती. दोघांनी मिळून ते प्रसिद्धही केलं. भाजण्याचा धोका माहीत होता. अल्प मात्रा दीर्घ काळ शरीरात राहिली तर काय होतं, हे कळायला वेळ लागला, आणि त्या वेळेत बाजाराने माणसांची किंमत मोजली.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथे युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या रंगवत. कुंचल्याचं टोक बारीक राहावं म्हणून ते ओठांनी ओलं करायला त्यांना शिकवलं जाई. दरवेळी रेडियमचा अंश पोटात जाई. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ शिशाच्या आडोशामागून आणि चिमट्यांनी काम करत होते. मुलींचे दात पडू लागले, जबड्यांची हाडं सडू लागली, रक्तक्षय आणि हाडांचे कर्करोग झाले. स्थानिक वैद्यकीय तपासनीस डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ मध्ये या आजारामागे रेडियमच असल्याचं वैज्ञानिक पुराव्यानिशी मांडलं. पाच स्त्रियांनी लढवलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. व्यवसायजन्य आजाराची जबाबदारी मालकावर टाकण्याच्या लढ्यात या खटल्याचं नाव आजही घेतलं जातं. त्या पाच जणींचं हे ऋण आपण विसरता कामा नये.

त्याच दशकात 'रेडिथॉर' नावाचं रेडियम घातलेलं पाणी शक्तिवर्धक म्हणून बाटलीत विकलं जात होतं. त्यात खरंच रेडियम होतं. फसवणूक दाव्यात होती. ते नेमाने पिणारे उद्योगपती आणि गोल्फपटू एबन बायर्स १९३२ मध्ये दारुण अवस्थेत वारले, आणि अशा औषधांवर सरकारी अंकुश यावा ही मागणी बळावली.

गैरसमज : मारी क्युरी रेडियमनेच गेल्या, हे निर्विवाद आहे.

वस्तुस्थिती : ४ जुलै १९३४ रोजी त्यांचं निधन अस्थिमज्जा निकामी करणाऱ्या रक्तक्षयाने झालं आणि किरणांचा त्यात हात होता असं मानायला भरपूर कारण आहे. पण कोणते किरण? पहिल्या महायुद्धात त्यांनी फिरत्या क्ष-किरण गाड्या उभ्या केल्या आणि आघाडीवर पुरेशा संरक्षणाशिवाय काम केलं. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पाँथेऑनमध्ये हलवताना फ्रान्सच्या किरण-संरक्षण संस्थेने शवपेटीतली पातळी मोजली, ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. त्यावरून तज्ज्ञांनी युद्धकाळातल्या क्ष-किरणांकडे अधिक बोट दाखवलं. त्यांच्या वह्या मात्र खरोखरच रेडियमने दूषित आहेत आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिसं लावलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत.

गैरसमज : रेडियमचा क्षार आता इतिहासजमा झाला; वैद्यकात त्याला जागा नाही.

वस्तुस्थिती : जुन्या काळी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडियम-२२६ चे क्षार भरलेल्या सुया आणि नळ्या वापरत. रेडॉन गळण्याचा धोका आणि १६०० वर्षांचं अर्धायुष्य यांमुळे त्यांची जागा सिझियम, इरिडियम आणि कोबाल्ट यांनी घेतली. तो अध्याय संपला. पण रेडियम क्लोराइड वेगळ्या समस्थानिकासह परत आलं.

रेडियम-२२३ डायक्लोराइड या इंजेक्शनला अमेरिकेत आणि युरोपात २०१३ मध्ये मान्यता मिळाली. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग संप्रेरक उपचारांना दाद देईनासा होतो आणि हाडांत पसरतो, पण इतर अवयवांत गेलेला नसतो, तेव्हा ते दिलं जातं. कॅल्शियमशी असलेलं जे साधर्म्य कारखान्यातल्या मुलींना नडलं, तेच इथे औषध ठरतं. हाडात जिथे कर्करोगामुळे नवी, वेडीवाकडी वाढ चाललेली असते, तिथे रेडियम खेचलं जातं. त्याचे अल्फा कण ऊतीत एक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी अंतर जातात, त्यामुळे आसपासच्या अस्थिमज्जेला तुलनेने कमी इजा होते. अर्धायुष्य ११.४ दिवसांचं, म्हणजे काही महिन्यांत ते जवळजवळ संपतं.

मात्रा वजनाप्रमाणे ठरते : दर किलोमागे ५५ किलोबेकरेल (बेकरेल हे किरणोत्साराचं एकक), चार आठवड्यांच्या अंतराने एकूण सहा वेळा. ७० किलो वजनाच्या रुग्णाला एका वेळी मिळणारं रेडियम जेमतेम दोन नॅनोग्रॅम भरतं, म्हणजे एका ग्रॅमचे एक अब्ज भाग करून त्यातले दोन. मान्यतेचा आधार ठरलेल्या चाचणीत औषध घेतलेले रुग्ण मध्यक हिशेबाने १४.९ महिने जगले, तर औषधाविना ११.३ महिने. हे रोग मुळासकट बरा करणारं औषध नव्हे. आयुष्य वाढवणारं आणि हाडांच्या गुंतागुंती लांबवणारं आहे. त्याला मर्यादाही आहेत. अबिराटेरोन आणि प्रेडनिसोलोन यांच्यासोबत दिल्यावर हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, म्हणून ती जोडी टाळतात. घरच्यांनी रुग्णापासून दूर पळण्याचं कारण नाही. हे औषध मुख्यतः शौचावाटे बाहेर पडतं, म्हणून शौचालयाची आणि कपड्यांची जी स्वच्छता डॉक्टर सांगतील ती काटेकोर पाळावी.

जुन्या सुयांतल्या रेडियम-२२६ लाही आता नवी मागणी आहे. त्यावर कणांचा मारा करून ॲक्टिनियम-२२५ हे कर्करोगोपचारातलं दुसरं मौल्यवान समस्थानिक बनवता येतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२१ पासून अशा पडून राहिलेल्या रेडियमला पुन्हा कामी लावण्याचा उपक्रम हाती घेतला आहे.

गैरसमज : रेडियम आपल्या आसपास नसतंच, असलं तर अनर्थच.

वस्तुस्थिती : माती, खडक आणि भूजल यांत रेडियमचे अतिसूक्ष्म अंश सर्वत्र असतात आणि प्रत्येकाच्या हाडांतही ते असतात. प्रश्न असतो प्रमाणाचा. पिण्याच्या पाण्यात रेडियम-२२६ साठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे एक बेकरेल ही मार्गदर्शक पातळी दिली आहे. नैसर्गिक पातळीला घाबरून झोप उडवून घेऊ नये आणि जाणीवपूर्वक वाढवलेल्या पातळीला 'ऊर्जा' म्हणून डोक्यावरही घेऊ नये. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये 'संरक्षक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लॉकेटांतून आणि कड्यांतून प्रत्यक्ष किरणोत्सार निघत असल्याचा इशारा दिला होता. रेडिथॉरची बाटली गेली, पण तिचा दावा अजून बाजारात फिरतो आहे.

म्हणून वाचकांना चार गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. आजोबांचं किंवा जुन्या बाजारातून घेतलेलं रंगवलेल्या आकड्यांचं जुनं घड्याळ, होकायंत्र किंवा विमानाचं उपकरण घरात असेल, तर ते चमकत नसलं तरी काच उघडू नका, रंग खरवडू नका. भंगारात तीन पात्यांचं किरणोत्साराचं चिन्ह असलेली वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवा. मुंबईतलं अणुऊर्जा नियामक मंडळ अशा प्रकरणांची दखल घेतं. किरणांच्या नावाने आरोग्य विकणारी लॉकेटं आणि पाणी विकत घेऊ नका. आणि घरातल्या कुणाला कर्करोगतज्ज्ञाने रेडियम-२२३ सुचवलं, तर केवळ नाव ऐकून नकार देऊ नका. किती मात्रा, किती काळ, कोणत्या औषधांसोबत आणि काय अपेक्षा ठेवायची, हे चार प्रश्न विचारा. रेडियमचा क्षार ना चमत्कार आहे ना शाप. तो कुठे आहे, किती आहे आणि कोणाच्या हातात आहे, यावरच सगळं ठरतं.